आतली कडी

बुधवार, ५ मार्च

काल लिहिलं ते चूक आहे. चाळीस मिनिटं नव्हती. अकरा!

मागच्याच पानावर माझ्या सुवाच्य अक्षरात आहे — ‘ऑपरेटरबाईंनी चादरींच्या खोलीत स्वतःला कोंडून घेतलं. चाळीस मिनिटं. हाका मारल्या, उत्तर नाही.’ आज सकाळी स्वयंपाकघरात कप विसळताना मी सहज म्हटलं, ‘अगंबाई, साडेनऊ वाजले?’ तर आचारीकाका म्हणाले, ‘त्या घड्याळाकडे बघू नकोस. ते माझं आहे.’

ते घड्याळ एकोणतीस मिनिटं पुढे असतं! मुद्दाम! म्हणजे जेवण वेळेवर होतं. मी विचारलं, एकोणतीसच का, अर्धा तास का नाही? तर म्हणे, ‘अर्धा तास डोकं चटकन वजा करतं. एकोणतीस वजा करायचा त्याला कंटाळा येतो, मग ते मुकाट्याने घाबरतं.’

पाच महिने झाले मला या घरात मदतनीस म्हणून लागून. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

बाई आत गेल्या तेव्हा मी पॅसेजमधल्या घड्याळात पाहिलं. चार दहा. दार उघडलं तेव्हा समोर स्वयंपाकघरातलं घड्याळ होतं. चार पन्नास. पन्नासातून एकोणतीस गेले एकवीस. अकरा मिनिटं. दहा वेळा वजाबाकी केली.

या वहीतली चूक दुरुस्त झाली. पण हेच वाक्य, शब्द न् शब्द, ऑफिसच्या नोंदवहीत आहे. आणि परवा शुक्रवारी बैठक आहे. मानसिक आजारांच्या हॉस्पिटलमधून सुटलेली, पण अजून आपापल्या घरी न गेलेली नऊ माणसं इथे राहतात. बाई त्यातल्या एक. त्यांना वरची एकटीची खोली हवी आहे, आणि तिला आतून कडी. इथे कुठल्याच दाराला आतून कडी नाही. चादरींच्या खोलीची काढायची कुणीतरी विसरलं होतं, एवढंच. आता माझ्या चाळीस मिनिटांवरून सगळे म्हणणार — बघा, म्हणूनच!



गुरुवार, ६ मार्च

हे घर चालवणाऱ्या सिस्टरना सांगितलं. दाराशी तीनदा जाऊन परत आले. चौथ्यांदा आतूनच आवाज आला, ‘ये गं, चपलांचा आवाज ऐकून माझं डोकं उठलं.’

मी एका दमात सगळं सांगितलं. घड्याळ, एकोणतीस, अकरा. त्या ऐकत होत्या आणि पेन शोधत होत्या. पेन त्यांच्या अंबाड्यात होतं.

‘चेहरा असा केलायस, जणू स्वयंपाकघर पेटवून आलीस. चूक झाली ना? एक रेघ मार, खालचं दिसलं पाहिजे, बाजूला खरं लिही, सही कर.’

मी म्हटलं, पण माझ्या नोंदीमुळे बाईंची खोली गेली असती.

‘असती. म्हणून तर आलीस,’ त्या म्हणाल्या. मग नोंद पुन्हा वाचली. ‘आणि हे, ‘उत्तर नाही’? हे कुठल्या घड्याळातलं?’

सिस्टर म्हणाल्या, बाईंना विचार. ज्यांच्याबद्दल लिहायचं त्यांना विचारायचं, हे इतकं अवघड का जातं तुम्हा पोरांना!

गेले. बाई बाल्कनीत वर्तमानपत्रातल्या चुका लाल पेनने काढत बसल्या होत्या. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली त्यांनी. आवाज अजून तसाच — स्वच्छ, थोडा थंड, प्रत्येक शब्द पुसून ठेवल्यासारखा.

‘मी चार वेळा ‘आहे मी’ म्हटलं,’ बाई म्हणाल्या. ‘पाचव्यांदा कंटाळले. तू दार बडवत होतीस, वर ‘उघडा, उघडा’ ओरडत होतीस. नुसती रिंग देत बसलीस, पोरी. रिसीव्हर कुठे उचललास?’

मला हसू आलं आणि रडूही. बाई म्हणाल्या, एक काहीतरी कर, लाइन बिझी राहते.

‘पण तुम्ही आत करत काय होता?’

‘काही नाही. तेच तर करायचं होतं.’

नोंदवहीत दोन रेघा मारल्या. दोन सह्या.

शुक्रवार, ७ मार्च

बैठक झाली. निकाल — ना हो, ना नाही.

डॉक्टर शुक्रवारीच येतात. त्यांच्यासमोर जोखीम-पत्रक असतं, तीन पानी. बाईही खुर्चीत बसल्या होत्या. इथे ज्याची बैठक, तो हजर असतोच. मला माझी दुरुस्ती मोठ्याने वाचायला लावली. मी भराभर वाचत सुटले. बाई मधेच म्हणाल्या, ‘जरा स्पष्ट, आणि सावकाश.’ डॉक्टर हसले. मी पुन्हा वाचलं.

मग डॉक्टरांनी जे विचारायचं ते विचारलंच. तीन वर्षांपूर्वी बाईंनी बंद दाराआड स्वतःला इजा करून घेतली होती. धाकट्या भावाने दार फोडलं, म्हणून वाचल्या. हे पत्रकाच्या पहिल्या पानावर आहे, आणि ते खरं आहे. त्याच्यावर रेघ मारता येत नाही.

बाईंनी मान खाली घातली नाही. ‘दार बंद होतं हे खरं. पण त्याआधी दोन महिने मला कुणी काही विचारलं नव्हतं, आणि मी कुणाला सांगितलं नव्हतं. तुम्ही दोन महिन्यांचा बंदोबस्त करा. दाराचा मी करते.’

डॉक्टर बराच वेळ पेनाचं टोपण लावत-काढत राहिले. म्हणाले, ‘ठीक. मग तुम्हीच लिहून आणा. कडी असली तर काय काय बिघडू शकतं, आणि तसं झालं तर आम्ही काय करायचं. पुढच्या शुक्रवारी ठरवू. नाहीतर मला तीन महिने थांबवावं लागेल.’

बाहेर आल्यावर मी सिस्टरना विचारलं, तुम्हाला भीती नाही वाटत? म्हणाल्या, ‘वाटते तर! पण धोका पार शून्य करायचा म्हटलं, तर माणसाला घडी घालून कपाटात ठेवावं लागेल. वर डांबराच्या गोळ्या.’

शनिवार, ८ मार्च

आचारीकाकांच्या घड्याळाखाली मी चिठ्ठी लावली — ‘हे घड्याळ २९ मिनिटे पुढे आहे.’ काकांनी काढली. पुन्हा लावली. पुन्हा काढली!

रविवार, ९ मार्च

सुट्टी. जेवताना मी कडीचा विषय काढला. नाव नाही, गाव नाही. नुसतं इतकंच, की एका बाईंना दाराला आतून कडी हवी आहे आणि सगळे घाबरतात.

बाबा लगेच म्हणाले, ‘घाबरणारच. आपल्याकडे काय झालं होतं?’ आणि सुरू. ही गोष्ट मी शंभर वेळा ऐकली आहे. मी तीन वर्षांची. बाथरूममध्ये शिरले, आतून कडी घातली, काढता येईना. बाबांनी दार फोडलं. त्याच संध्याकाळी घरातली प्रत्येक कडी स्क्रू काढून डब्यात. एकवीस वर्षं झाली, आमच्या घरात आतून काहीच बंद होत नाही.

बाबा बॉयलर इन्स्पेक्टर होते. त्यांच्या लेखी घर म्हणजेही एक बॉयलर. माझी पहिली शाळा हीच. लहानपणी सारखी आजारी, म्हणून चौथीपर्यंत घरीच शिकले, याच टेबलाशी. बाबांचा पहिला धडा ‘अ आ इ’ नव्हता. ‘बघ, शिव, बोल.’ गॅसचं बटण बघायचं, हात लावायचा, मोठ्याने म्हणायचं, ‘गॅस बंद.’ मी अजून म्हणते. एकदा दुसऱ्यांच्या घरी म्हटलं होतं.

आणि पाढे शिकले ते बाथरूमच्या दारातून. कडी नाही, म्हणून आत माणूस आहे हे कळायला प्रत्येकाने आवाज करत राहायचं, असा घरचा नियम. बाबा गातात — सूर नाही, पण प्रेशर भरपूर. मी काहीबाही गुणगुणते. आई पाढे म्हणते. बे एके बे पासून. तिसाच्या पाढ्याला पाणी संपतं. बाबा बाहेर पेपर वाचतात. पाढा मधेच थांबला की पेपर खाली येतो. आई पुन्हा सुरू करते, पेपर वर जातो. मजाच असते!

बाबांची गोष्ट रंगात आली की आई पाणी आणायला उठते. आजही उठली. तांब्या भरलेला होता.

मंगळवार, ११ मार्च

बाईंबरोबर लिहायला बसले. मी घरून बत्तीस मुद्द्यांची यादी करून नेली होती. सगळं बिघडण्याच्या शक्यता! भूकंप धरून.

बाईंनी यादी शेवटपर्यंत वाचली. लाल पेनने शुद्धलेखनाच्या दोन चुका काढल्या. मग म्हणाल्या, ‘यातले एकतीस धोके तुझे आहेत. ते तू ठेव. माझा हा एक.’ आणि सतराव्या मुद्द्यावर बोट ठेवलं. बरं नसताना कडी लावली तर.

‘बरं नसतं तेव्हा कसं कळतं?’ मी विचारलं.

‘मी चुका काढायच्या थांबते.’

मी लिहून घेतलं. हे कुठल्या पत्रकात सापडलं असतं?

बाकीचं त्यांनीच सांगितलं, मी लिहीत गेले. एक्स्चेंजच्या धर्तीवर. दार वाजवायचं — ती पहिली रिंग. मग तीस सेकंद थांबायचं, कान देऊन, बडवायचं नाही. मग दुसरी. मग तिसरी. आतून ‘आहे मी’ आलं तर चुपचाप निघून जायचं, ‘काय करताय’ विचारायचं नाही. तिसऱ्या रिंगेनंतरही काही नाही, तर बाहेरून उघडायचं. कडी तशीच बसवायची, बाहेरच्या खाचेत नाणं घालून फिरवता येईल अशी.

‘आणि चुका न काढण्याच्या दिवशी?’

बाईंनी लाल पेन खाली ठेवलं. पहिल्यांदाच. ‘त्या दिवशी दारात चपला अडकवून ठेवीन. दार चार बोटं उघडं राहील. मी स्वतः ठेवीन हं, तुम्ही नाही. मी विसरले तर तू आठवण कर. आणि तेव्हा तू मला विचारायचंस. सरळ. ‘जीव नकोसा झालाय का?’ असं. आडून आडून नाही.’

मला नाही जमणार असं वाटलं. बाई म्हणाल्या, आता विचारून बघ, प्रॅक्टिस.

विचारलं.

‘नाही,’ त्या म्हणाल्या, ‘आज नाही. बघ, आभाळ कोसळलं का?’

शुक्रवार, १४ मार्च

मिळाली! मिळाली! खोली मिळाली, कडी मिळाली!

एवढं सोपं नव्हतं. डॉक्टरांनी आम्ही लिहिलेली दोन्ही पानं वाचली, मान डोलावली. पण फोनवर बाईंचा भाऊ होता. फोन स्पीकरवर टेबलावर ठेवलेला. तो म्हणाला, ‘कडी? अजिबात नाही. तुम्ही कुणी ते दार फोडलेलं नाही. मी फोडलंय.’

त्याचं चूक नव्हतंच.

बाई फोनकडे वाकल्या. ‘होल्ड कर,’ म्हणाल्या. अगदी त्या आवाजात. भाऊ गप्पच झाला! डॉक्टर खोकल्यासारखं करून हसले. मग बाई हळू म्हणाल्या, ‘बाळ्या, तू रोज मला फोन करतोस आणि पहिल्या रिंगेला नाही उचलला की तुझा जीव वरखाली होतो. ठाऊक आहे मला. उद्यापासून तू नाही करायचास. संध्याकाळी सातला मी करीन. नाही आला, तर तू सिस्टरना कर. तुला आता दारामागे उभं राहायला नको, रे.’

भाऊ म्हणाला, ‘सात म्हणजे सात. सव्वासात नाही.’

‘स्वयंपाकघरातल्या घड्याळाने करू की पॅसेजमधल्या?’ बाई म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघितलं. मी टेबलाखाली जायची बाकी होते.

महिन्याने पुन्हा बघायचं ठरलं. सुतार बुधवारी येणार. त्याने विचारून ठेवलंय, कडी किती उंचीवर हवी.

शनिवार, १५ मार्च

सातला फोन गेला. मी उगाच तिथे फडक्याने कठडा पुसत होते. बाई म्हणाल्या, ‘कठडा झिजेल.’

रविवार, १६ मार्च

सुताराला उंची सांगायची, म्हणून घरच्या बाथरूमचं दार मोजलं. जुन्या कडीच्या स्क्रूंची भोकं बाबांनी लांबी भरून बुजवली आहेत, पण नखाला लागतात. चार फूट आठ इंच.

पुन्हा मोजलं. चार फूट आठ.

मी तीन वर्षांची असताना तीन फुटांची असेन. हात वर केला तरी पोचणार कशी? स्टूल असेल. बाबांना विचारलं, ‘तेव्हा आत स्टूल होतं का?’

बाबा पेपरातून वर न बघता म्हणाले, ‘असेल.’

बाबा ‘असेल’ कधीच म्हणत नाहीत. बाबा ‘आहे’ म्हणतात किंवा ‘नाही’ म्हणतात, आणि मग हात लावून दाखवतात.

आई दारात उभी होती. मी टेप गुंडाळेपर्यंत बघत राहिली. मग म्हणाली, पाणी भरायचंय.

बुधवार, १९ मार्च

कडी बसली! आतून फिरवली की बाहेर लाल ठिपका, उघडली की हिरवा. सुतार म्हणाला, ‘विमानात असते तशी.’ बाई म्हणाल्या, ‘विमानात मी बसले नाही. बसवा.’

उंची चार फूट. बाईंनी स्वतः धरून दाखवली. बसल्या-बसल्या हात पोचला पाहिजे म्हणाल्या. बाहेर खिळ्याला दोरी, दोरीला नाणं. आचारीकाका बघून गेले. सिस्टर पेन शोधत आल्या आणि अंबाड्यासकट परत गेल्या.

मग बाई आत गेल्या. खट्. लाल.

पहिली चाचणी माझी. पाच मिनिटं थांबून मी दार वाजवलं. एक रिंग. कान दिला. तीस सेकंद मनात मोजले. काही नाही.

दुसरी रिंग. पुन्हा मोजायला लागले. पंधरा, सोळा, सतरा... बडवावंसं वाटत होतं. बडवलं नाही. नाणं हातात घेतलं. एकोणतीस, तीस. तिसरी रिंग —

‘आहे मी!’ बुडबुडत्या, फेसाळ आवाजात. ‘दात घासतेय. आणि दुसरी रिंग चार सेकंद आधी दिलीस.’

चुका काढतायत. म्हणजे बरं आहे!

मी नाणं सोडलं. ते दोरीवर झुलत राहिलं. मी काही न विचारता निघून गेले, नियमाप्रमाणे. जिन्यात बसून पोटभर हसले.

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. तीन रिंगा, तीस सेकंद, ‘आहे मी’. ती पीठ मळत होती. मळायची थांबली. ‘आणि आत असताना त्यांना काही म्हणत बसावं लागत नाही?’

‘नाही. विचारलं तरच.’

‘एरवी गप्प?’

‘एरवी गप्प.’

‘अगंबाई,’ आई म्हणाली, आणि पुन्हा मळू लागली.

गुरुवार, २० मार्च

आई आज म्हणाली, ‘तू नव्हतीस आत. मी होते.’

बाबा फिरायला गेले होते. आई वाटाणे सोलत होती, हात थांबले नाहीत. त्या वर्षी तिला बरं नव्हतं. माझ्या त्या कडीवाल्या बाईंसारखं. बाबांनी दार फोडलं. मला सांगायचं काय, म्हणून गोष्टीत मला घातलं. मग तीच खरी होऊन बसली. ‘आणि बाबांना माझा आवाज हवा असायचा,’ ती म्हणाली, ‘म्हणून पाढे.’

मी तिच्या शेजारी बसले. मग मी विचारलं. सरळ, आडून नाही. ती म्हणाली, ‘नाही गं. किती वर्षं झाली. आता फक्त एकच हवंय. एकदा गप्प बसून अंघोळ करायची आहे.’ आणि हसायला लागली. ‘तिसाच्या पुढचे मला येतच नाहीत!’

९ तारखेच्या पानावर जाऊन ‘मी तीन वर्षांची’ या ओळीवर एक रेघ मारली. खालचं दिसतं आहे. बाजूला सही.

बाबांना कडीचं आई स्वतःच सांगणार आहे, शनिवारी. सुताराशी बोलले. कडी बाहेरून नाण्याने उघडणारीच. उंची आई ठरवेल. बाबांच्या हातात नाणं द्यायचं आणि तीस सेकंद मोजायला मी शिकवायचं.

सुतार येणार रविवारी, २३ मार्चला. सकाळी दहा. पॅसेजमधल्या घड्याळाने.